‘डार्क मॅटर’: तो परत का फिरत नाही?

कंदील | १३ डिसेंबर, रात्री १०:४०

परवा रात्री दीड वाजता मिशेल पेव्हरची ‘डार्क मॅटर’ संपवली. तहान लागली होती, पण उठून स्वयंपाकघरात जायचं धाडस झालं नाही, तशीच झोपले. वय ४४, दोन वाढत्या मुलांची आई, पुण्यात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली रखवालदार. लाज वाटली. सकाळी उठून पहिला विचार आला की याच्यावर धागा काढायचा.

कादंबरी २०१० सालची, जेमतेम अडीचशे पानांची. काळ १९३७. जॅक मिलर हा २८ वर्षांचा लंडनमधला कारकून, स्टेशनरीच्या कंपनीत नोकरी. भौतिकशास्त्र शिकलेला, शास्त्रज्ञ व्हायचं होतं, पण पैशाअभावी राहून गेलं. ऑक्सफर्डमधली चार श्रीमंत पोरं वर्षभर आर्क्टिकमध्ये राहून निरीक्षणं करायला निघालेली असतात, त्यांना वायरलेस चालवणारा हवा असतो. जॅक जातो. एकेक जण गळत शेवटी तिघेच स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेला ग्रूहुकेन नावाच्या खाडीवर उतरतात. (ही खाडी काल्पनिक आहे, बेट खरं.) त्यांना तिथे नेणारा नॉर्वेजियन कप्तान एरिक्सन शेवटपर्यंत कुरकुरतो. तिथे नको, दुसरीकडे कुठेही सोडतो म्हणतो. का, ते सांगत नाही.

मग गस नावाच्या म्होरक्याचं अपेंडिक्स दुखावतं. त्याला घेऊन तिसरा, आल्जी, जहाजाने निघून जातो. तळावर उरतो जॅक, हस्की कुत्री आणि वायरलेस. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य मावळतो तो चार महिन्यांसाठी. इथवर सांगितलं तर कोणाचा रसभंग होऊ नये, एवढं मलपृष्ठावरही असतं.

आता मुद्दा. यात भूत आहे, पण ते फार थोडा वेळ दिसतं. करतही फारसं काही नाही, बहुतेक वेळा नुसतं उभं असतं. मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. रात्री घरात खुट्ट झालं तर आपण काय करतो? शेजारच्याला हलवतो, “ऐकलंस का?” तो कूस बदलत म्हणतो, “मांजर असेल, झोप.” तिथे मांजर नसतंही कधी कधी, पण झोप लागते. जॅकला “मांजर असेल” म्हणणारं कोणी नाही. ऐकलेली प्रत्येक गोष्ट त्याची त्यालाच ठरवावी लागते, दिवसामागून दिवस. म्हणजे दिवस नसतातच, घड्याळ असतं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्याच्याकडे वायरलेस आहे. समुद्र गोठेपर्यंत एक संदेश पाठवला असता तर जहाज आलं असतं. तो परत का फिरत नाही? वाचलेल्यांनी सांगा. न वाचलेल्यांनी वाचून सांगा.

(रहस्यभेद करणार असाल तर वर तसं लिहा.)

जुना_वाचक | १३ डिसेंबर, रात्री ११:१५

छान लिहिलंय. वाचलेली नाही, पण तुमच्या परिचयावरून एक जाणवलं. आम्ही नारायण धारपांवर वाढलो. तिथे कितीही भयंकर काही आलं तरी मनात कुठेतरी भरवसा असायचा की त्यांच्या कथांतले तारणहार समर्थ येतील. आपल्या भयकथेत वाडा असतो, वाड्याला इतिहास असतो, आणि तो इतिहास सांगणारा एखादा म्हातारा गडी असतो. “मालक, त्या खोलीत जाऊ नका” हे तो सांगतो, मालक ऐकत नाही, पुढे जे व्हायचं ते होतं. तुमचा हा कप्तान म्हणजे तोच गडी. फक्त तो तोंड उघडत नाही. हे जास्त वाईट.

उंबरठा | १४ डिसेंबर, सकाळी ७:५०

कंदीलताई, तुमचा धागा वाचून रात्रीच ई-पुस्तक घेतलं. सत्तर पानं वाचली. शिकागोतला प्राध्यापक, त्याचं अपहरण, समांतर विश्वं, आर्क्टिकचा पत्ता नाही. म्हटलं बर्फ येईल पुढे.

कंदील | १४ डिसेंबर, सकाळी ८:०५

😂 अहो, तुम्ही ब्लेक क्राउचची ‘डार्क मॅटर’ घेतलीत, २०१६ ची विज्ञानकथा. तीही वाईट नाही म्हणतात. पण बर्फ येणार नाही. लेखिकेचं नाव बघून घ्या.

तर्कट | १४ डिसेंबर, सकाळी ९:३०

नावावरून आठवलं. खगोलशास्त्रातली ‘डार्क मॅटर’ ही कल्पना फ्रिट्झ झ्विकीने १९३३ साली मांडली. दीर्घिकांच्या समूहाचं वस्तुमान दिसतं त्याहून पुष्कळ जास्त असलं पाहिजे, असं त्याचं गणित सांगत होतं. १९३७ मधल्या एका हुकलेल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या डायरीला हे नाव चपखल आहे. दिसत नाही, पण त्याच्या ओढीने दिसणाऱ्या गोष्टींची चाल बदलते.

आता भुताबद्दल. मला वाटतं शेगडी पुरे. १९३४ साली अमेरिकन ॲडमिरल रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकात हिवाळाभर एकटा राहिला. मुख्य तळापासून सुमारे २०० किलोमीटरवर, बर्फात पुरलेल्या खोपटात. हळूहळू त्याला काही सुधरेना. अशक्तपणा, मळमळ, डोकं दुखणं, मन थाऱ्यावर नाही. कारण काय, तर शेगडीच्या धुराचा मार्ग नीट नव्हता आणि खोपटात कार्बन मोनॉक्साइड साठत होता. शेगडी पेटवावी तर विष, विझवावी तर थंडी.

त्याआधीचं ‘बेल्जिका’ जहाज घ्या. १८९८ मध्ये अंटार्क्टिकच्या बर्फात अडकलं, वर्षभराने सुटलं. जहाजावर तरुण ॲमंडसनही होता, पुढे दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला तोच. दोन महिन्यांहून जास्त काळ सूर्य दिसला नाही. स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार) झाला, एक अधिकारी दगावला, एका खलाशाचं डोकं फिरलं. लोक जहाजाभोवती बर्फावरून गोल गोल चालत राहायचे, तेवढाच व्यायाम. त्या फेरीला ते आपसात वेड्यांची रपेट म्हणायचे.

एकांत, अंधार, जुनी शेगडी, डबाबंद अन्न. माणसाला काहीही दिसेल.

कंदील | १४ डिसेंबर, सकाळी १०:१०

तर्कट, माहिती मस्त, पण कादंबरीने तुमची ही वाट आधीच अडवून ठेवली आहे. जॅकला पहिली चाहूल लागते ती एकटा पडण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा माणसं आसपास असतात आणि उजेडही असतो. शेगडीवर ढकलता येत नाही.

आणि समजा शेगडीच असली, तरी एकट्या माणसाला त्याचा काय उपयोग? “हे माझ्या डोक्यातलं आहे” हे सांगायलाही दुसरं डोकं लागतं.

उत्तरवारा | १४ डिसेंबर, दुपारी ४:२०

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून लिहितोय. जॅकचं जहाज निघतं तेच गाव, ६९ अंश उत्तर. मूळचा सांगलीचा, इथे सातवा हिवाळा. इथे आत्ता दुपारचे बारा वाजत आलेत आणि खिडकीबाहेर सूर्याचा पत्ता नाही.

थोडी अंधाराची माहिती. इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. पण मधल्या दोन-तीन तासांत एक निळा उजेड पडतो. पहिल्या वर्षी मला तो पहाटेसारखा वाटायचा. आता उजाडेल, आता उजाडेल म्हणत बसावं आणि तोच उजेड मावळून जावा. लोक अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या लावून फिरतात, लहान मुलं तर ख्रिसमसच्या झाडासारखी दिसतात. सकाळी कॉडलिव्हर तेल घेतात. २१ जानेवारीच्या सुमारास डोंगराआडून सूर्य डोकावतो. त्या दिवशी ऑफिसात सगळे ‘सूलबोल्ले’ खातात, म्हणजे आत जॅम भरलेला तळलेला गोड गोळा. पहिल्या वर्षी तो खाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काही न बोलता अजून एक आणून ठेवला.

आता हे लक्षात घ्या की जॅक आहे तिथे, ८० अंशांच्या आसपास, हिवाळ्याच्या मध्यात तो निळा उजेडही नसतो. भरदुपारी चांदण्या. उजेड फक्त चंद्राचा, आणि तो उगवला की आठ-दहा दिवस मावळत नाही, डोक्याभोवती घिरट्या घालतो. मग जातो तोही तितकेच दिवस येत नाही. वाचताना मी तारखा मोजत होतो, चंद्र कधी जाणार म्हणून.

ग्रूहुकेन काल्पनिक असलं तरी मिळतंजुळतं ग्रोहुकेन स्पिट्सबर्गेनच्या उत्तर किनाऱ्यावर खरंच आहे. तिथे क्रिस्तियाने रिटर नावाची ऑस्ट्रियन चित्रकार बाई १९३४-३५ चा हिवाळा राहिली, नवरा आणि एक नॉर्वेजियन शिकारी यांच्याबरोबर, एवढ्याशा खोपटात. नंतर तिने त्यावर पुस्तक लिहिलं. नवरा शिकारीला गेला की ती एकटी, बाहेर वादळ. जुने शिकारी हिवाळ्यात माणसाला जे होतं त्याला ‘रार’ म्हणायचे. साधा अर्थ ‘विचित्र’. एखादा रार झाला की रात्री उठून दार उघडून चालायला लागतो. ही बाई मात्र उलटीच निघाली. सुरुवातीला हादरली आणि मग त्या अंधारावर जीव जडला तिचा. पुढे १०३ वर्षं जगली.

आणि तर्कटसाठी: त्याच ग्रोहुकेनजवळ १८७२ च्या शरद ऋतूत नॉर्वेजियन शिकारी जहाजं बर्फात अडकली. त्यांतले १७ जण होडीने वल्हवत दक्षिणेला काप थोर्डसेनला गेले. तिथे स्वीडिश लोकांनी बांधलेलं पक्कं घर होतं, अन्न भरपूर, कोळसा भरपूर. पुढच्या उन्हाळ्यात शोधायला गेलेल्यांना सतराच्या सतरा जण मेलेले सापडले. सव्वाशेहून जास्त वर्षं लोक म्हणत होते स्कर्व्ही, आळस, हातपाय हलवले नाहीत. २००८ मध्ये अवशेष तपासले तेव्हा शिसं निघालं, डब्यांच्या डाखातून अन्नात उतरलेलं. म्हणजे घर होतं, ऊब होती, आणि जेवणच मारत होतं. त्या घराला इथले लोक आजही भुताचं घर म्हणतात.

तर्कट | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:००

शिसं! बघा, मी म्हटलं होतं डबाबंद अन्न. माझं म्हणणं राखून ठेवतो.

थोडं_स्पष्ट | १४ डिसेंबर, रात्री ९:४५

सगळे कौतुकच करताहेत म्हणून लिहिते. मला मधली शंभर पानं आवडली, बाकी नाही. सुरुवातीचं लंडन, ते श्रीमंत मित्र, हे सगळं ठरावीक साच्याचं आहे. भुतामागची जी हकीकत शेवटी कळते ती तर कोणीही अर्ध्यावर ओळखेल. (रहस्यभेद नको म्हणून सांगत नाही. अस्वलांना आमिष लटकवायचा तो खांब दारासमोर दिसला की वाचकाला कळायला हवं.) शेवट घाईघाईने उरकलाय. भीती वाटली, नाही असं नाही, पण ती बहुतेक लेखिकेने केलेल्या बर्फाच्या वर्णनाची. ते मात्र बसून केलेलं नाही, स्वतः हिवाळ्यात स्वालबार्डला (स्पिट्सबर्गेन ज्यात येतं तो द्वीपसमूह) जाऊन आली आहे, ते कळतं.

तिची ‘थिन एअर’ वाचा. २०१६ ची. १९३५ मधली कांचनगंगा मोहीम, दार्जिलिंगहून निघालेली. तिथेही एकटेपणा आहे, पण आजूबाजूला माणसं असताना आलेला, आणि ते मला जास्त जमलेलं वाटलं.

रातराणी७ | १४ डिसेंबर, रात्री १०:३०

⚠ किंचित रहस्यभेद

थोडं_स्पष्ट, साच्याबद्दल असहमत. ते श्रीमंत-गरीब प्रकरण काढलं तर धाग्याच्या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

जॅक परत का फिरत नाही? कारण तो त्या मंडळींत कायम उपरा आहे. बोलण्याची ढब वेगळी, कोट वेगळा. वायरलेसवाला म्हणून घेतलेला. गस तेवढा त्याला माणसासारखा वागवतो. मग गस आजारी पडतो, आता मोहीम गुंडाळावी लागणार, आणि हा उभा राहून म्हणतो, मी थांबतो. त्या क्षणी तो त्यांच्यातला होतो. आता आठवड्याभरात “मला भीती वाटते, घेऊन जा” असा संदेश पाठवायचा? ज्याला घरी पैसा आहे, ज्याला दहा मोहिमा मिळणार आहेत, तो पाठवेल. कारकून नाही पाठवणार.

आणि गसबद्दल जॅकला जे वाटतं ते नुसती मैत्री नाही. डायरीत तो शब्द कुठेही लिहीत नाही. १९३७ मध्ये लिहिणारही नाही. पण गसच्या रिकाम्या खाटेबद्दल तो जे लिहितो ते वाचा. ज्याच्यासाठी थांबलो त्यालाच सांगायचं की मला जमत नाही? माझ्या मते ही भुताची गोष्ट कमी आणि न बोललेल्या प्रेमाची जास्त आहे.

कंदील | १४ डिसेंबर, रात्री १०:५५

रातराणी, हे वाचून खाट आठवली आणि पुन्हा काटा आला. पण भुताची गोष्ट कमी म्हणू नका हो, मी पाणी न पिता झोपले होते.

बिनतारी | १५ डिसेंबर, पहाटे ५:३५

नमस्कार मंडळी. मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. वय आता ७१. आमची जातच संपली. १ फेब्रुवारी १९९९ ला नवी उपग्रह यंत्रणा सक्तीची झाली आणि जहाजावर मोर्सवाला, म्हणजे टिंब-डॅशच्या खुणांनी संदेश पाठवणारा, लागेना. मुलीने हे पुस्तक गेल्या वर्षी दिलं होतं, वायरलेस आहे म्हणून.

तुम्ही सगळे विचारता की वायरलेस असून त्याने सांगितलं का नाही. मी म्हणतो वायरलेस होता म्हणूनच सांगितलं नाही. जरा खुलासा करतो.

जहाजाच्या रेडिओरूममध्ये भिंतीवर एक घड्याळ असायचं. त्याच्या तबकडीवर तीन-तीन मिनिटांचे रंगीत पट्टे. त्यांतले दोन लाल, दर तासाला पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांचे. काटा लाल पट्ट्यात शिरला की ५०० किलोहर्ट्झवर जगातल्या कोणत्याही जहाजाने काही पाठवायचं नाही. फक्त कान देऊन बसायचं. कुठे कोणी बुडत असेल, त्याची बॅटरी क्षीण असेल, तर त्या तीन मिनिटांत त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून. तासाला दोनदा. एरवी सगळा कलकलाट चाललेला असतो, मासळीबाजारासारखा, आणि काटा पट्ट्यात शिरताच एकदम शांत. हेडफोनमध्ये नुसती खरखर. मध्यरात्री दक्षिण अटलांटिकमध्ये ती तीन मिनिटं फार लांब असतात.

त्या खरखरीत मला माझ्या सगळ्या नोकरीत खरा एसओएस दोनदाच ऐकू आला. ऐकू आल्यासारखं वाटलं ते शेकडो वेळा. कान ताणला की कान स्वतःच काहीतरी तयार करतो. तेव्हा शेजारी दुसरा कोणी नसतो, रेडिओरूममध्ये आम्ही एकटेच. मग मी पेन्सिलने वहीत वेळ लिहायचो आणि पुढे लिहायचो “काही नाही”. ते लिहिल्याने बरं वाटायचं. जॅक डायरी लिहितो ते मला त्यामुळे लगेच पटलं.

आता दुसरं. मोर्समध्ये प्रत्येकाचा ‘हात’ ओळखू येतो. सही ओळखावी तसा. कोणी डॅश लांबवतो, कोणी शब्दांमध्ये दम घेतो. आवाज कापला तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. हातही कापतो, पण पलीकडच्याला वाटतं, थंडी असेल. दिवसातून तीनदा हवामानाचे आकडे पाठवायचे, तापमान, दाब, वारा, शेवटी ‘सर्व ठीक’. एकदा ते ‘सर्व ठीक’ पाठवलं की पुढच्या वेळी वेगळं काही पाठवणं जास्त जड जातं. का, तर मग मागचं खोटं होतं हे कबूल करावं लागतं.

तर्कटराव, तुम्ही बर्डचं सांगितलंत पण अर्धंच सांगितलंत. तो आजारी पडला ते त्याने तळाला कळवलंच नाही. आपल्याला आणायला पोरं त्या काळोखात निघतील आणि मरतील, म्हणून. तळावरून त्याच्याशी आवाजात बोलायचे, तो मोर्समध्ये उत्तर द्यायचा. मुळात त्याला मोर्स नीट येत नव्हतं. ते अजूनच गचाळ व्हायला लागलं तेव्हा तळावरच्यांना शंका आली. ऑगस्टमध्ये तिघे जण ट्रॅक्टर घेऊन पोचले. हात फितूर झाला म्हणून वाचला.

मोबाइलवरून टंकतोय, चूक भूल देणे घेणे.

कंदील | १५ डिसेंबर, सकाळी ७:१५

काका, काय लिहिलंत. सकाळी डबे भरता भरता वाचलं आणि पोळी करपली. “हात फितूर झाला” हे मी विसरणार नाही.

तर्कट | १५ डिसेंबर, सकाळी ९:००

बिनतारीकाका, दंडवत. अर्धं सांगितलं हे मान्य.

जुना_वाचक | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

काका, ते दोन खरे एसओएस काय होते? स्वतंत्र धागा काढा, विनंती.

डोंगरवाट | १५ डिसेंबर, दुपारी ३:१०

मी इथे फक्त वाचायला येते, बहुधा पहिलाच प्रतिसाद. कादंबरी वाचलेली नाही. पण बिनतारीकाकांचं ‘सर्व ठीक’ वाचून राहवलं नाही.

२००६ साली मला शिक्षण सेवक म्हणून पहिली नेमणूक मिळाली, धडगाव तालुक्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर. महिना ३००० रुपये. मी २२ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली, भाषा वेगळी, पावरी एक शब्द येत नव्हता. पाऊस सुरू झाला की नाला भरायचा आणि रस्ता बंद. बरोबरचे गुरुजी रजेवर गेले ते दीड महिना आलेच नाहीत. शाळेच्या खोलीला लागून पत्र्याची एक खोली होती, तिथे मी राहायचे. घरं डोंगरावर सुटी सुटी, सगळ्यांत जवळचं घर हाक ऐकू जाणार नाही इतकं लांब. वीज नव्हती. मोबाइलला रेंज एकाच जागी, टेकडीवरच्या एका खडकावर उभं राहिलं की. रविवारी तिथे चढून घरी फोन करायचा.

रात्री पत्र्यावर काहीतरी चालायचं. रोज नाही. पाऊस थांबला की. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, थांबायचं, परत यायचं. माकड म्हणाल तर रात्रीचं? उदमांजर म्हणाल तर पत्रा एवढा दबेल? मी कंदील मोठा करून मुलांच्या वह्या तपासत बसायचे. तपासलेल्या वह्या पुन्हा तपासायचे.

रविवारी खडकावर उभी राहून सांगायचे, “सगळं मस्त आहे बाबा, लोक फार चांगले आहेत.” लोक खरंच चांगले होते. पण मला नोकरी लागली म्हणून बाबांनी गावभर पेढे वाटले होते. पहिल्या रविवारी मस्त म्हटलं, मग दुसऱ्या रविवारी काय सांगणार?

पाड्यातल्या कोणालाही मी पत्र्याबद्दल विचारलं नाही. विचारायचं असतं तर शाळेतल्या पोरांनाही विचारता आलं असतं, हातवारे करून. पण त्यांनी खरंच काही सांगितलं असतं तर? मग रात्री त्या खोलीत जाऊन कशी झोपले असते मी? तो कप्तान जॅकला काही सांगत नाही म्हणता, पण जॅकने तरी किती वेळा विचारलं?

दिवाळीनंतर दुसऱ्या मॅडम आल्या, खोलीत दोघी झालो. पहिल्याच रात्री आवाज आला. त्या म्हणाल्या, “काय गं ते?” मी म्हटलं, “मांजर असेल.” त्या झोपल्या. मीही झोपले.

रातराणी७ | १५ डिसेंबर, दुपारी ३:४०

(काही लिहायचं नाही. फक्त वाचलं हे कळावं म्हणून.)

कंदील | १५ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५

डोंगरवाट, मी पुस्तकात परत जाऊन पाहिलं. जॅक विचारतो, पण कप्तान उत्तर टाळतो तेव्हा लगेच सोडून देतो. मी वाचताना कप्तानावर चिडले होते. आता वाटतं दोघांनी मिळूनच ते ठरवलं होतं.

लिहीत जा. वाचायलाच येते म्हणू नका.

खारा_वारा | १५ डिसेंबर, रात्री ८:५०

वास्कोहून लिहितोय. आमच्या इथे हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, अंटार्क्टिकातली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही ठाणी इथूनच चालतात. त्यामुळे गावात हिवाळा काढून आलेली माणसं अधूनमधून भेटतात. भुताचे किस्से कोणी सांगत नाही. भांडणांचे सांगतात. कोण किती आवाज करत चहा पितो यावरून बोलणं बंद झालेलं वगैरे.

उत्तरवारा, स्वालबार्डवरही आपलं ‘हिमाद्री’ आहे, न्यू-ओलसुन्डला, २००८ पासून. हिवाळ्यात भारतीय तुकडी पहिल्यांदा राहायला गेली ती डिसेंबर २०२३ मध्ये. बिनतारीकाकांसाठी खास माहिती: त्या गावात वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. अवकाशातले क्षीण रेडिओ संकेत टिपणारी वेधशाळा तिथे आहे, तिला अडथळा नको म्हणून.

बिनतारी | १६ डिसेंबर, पहाटे ५:२०

वा. म्हणजे अजून कोणीतरी गप्प बसून ऐकतंय. आनंद झाला.

जुना_वाचक, त्यातला एक लिहितो केव्हातरी. दुसरा नाही लिहीत.

उंबरठा | १६ डिसेंबर, सकाळी ८:३०

योग्य ‘डार्क मॅटर’ मिळाली, काल रात्री सुरू केली. आता कुत्री आली आहेत. आयझॅक नावाच्या कुत्र्यावर जॅकचा जीव जडायला लागलाय आणि माझाही. पुढे जाण्याआधी कोणीतरी एवढंच सांगा, कुत्रं मरतं का?

कंदील | १६ डिसेंबर, सकाळी ८:४२

सांगणार नाही. वाचा. दिवसा वाचा.

उत्तरवारा | १६ डिसेंबर, दुपारी १:००

आम्ही दिवसा कसं वाचायचं तेही सांगा.